सहा बोटांची पुस्तिका

फोटोचं रेखाचित्र करणं म्हणजे काही जादू नाही, असं ती विचारेल त्याला सांगायची. फोटोची एक प्रत काढायची. तिचे रंग धुऊन टाकायचे. मग ती उलटी करायची, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, आणि मूळ फोटोवर पांघरूण घालावं तशी अंथरायची. सगळं कसं पांढरंफटक होऊन जातं. घाबरायचं नाही. वरचं पांघरूण थोडं थोडं धूसर करत गेलं, की दुधावर साय धरावी तशा रेघा वर येऊ लागतात.

इथवरचं काम सॉफ्टवेअरचं. पुढचं तिचं. कारण त्या बिचाऱ्याला कामाची रेघ कुठली आणि फुकटची कुठली, हे काही कळत नाही. त्याला शिलाई आणि सुरकुती सारखीच. म्हणून मग ती वर एक कोरा थर घ्यायची आणि पेनाने स्वतः काढायला बसायची. बाहेरची रेघ जाड, आतली बारीक, आणि उरलेल्या सगळ्या पसाऱ्याकडे साफ दुर्लक्ष. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही, असंही ती वर म्हणायची.

ऑफिस एका छापखान्याच्या डोक्यावर होतं. खाली मशीन सुरू झालं की वर तिच्या चहात तरंग उठायचे. वस्तूंच्या खोक्यांत जी पातळ पुस्तिका असते, जी कुणीच वाचत नाही आणि काही अडलं की सगळं घर जिच्या नावाने शोधाशोध करतं, ती पुस्तिका हे लोक बनवत. इस्त्री, मिक्सर, घडीची शिडी, काय वाट्टेल ते. स्वस्त कागदावर फोटो छापला की त्याचा चिखल होतो. रेघ मात्र स्वच्छ उमटते. त्यावर तिघांचं पोट चाललं होतं: साहेब, फोटो काढणारा पोरगेलासा बाप्या ज्याला सगळे फ्लॅश म्हणत, आणि ती.

पुस्तिकेत हात लागतातच. झाकण फिरवणारा, कळ दाबणारा, वायर खोचणारा. फ्लॅशच्या हातांवर केसांचं जंगल, साहेबांच्या बोटांत अंगठ्यांची गर्दी. म्हणून पहिल्या दिवसापासून हात तिचे.

आणि तिच्या डाव्या हाताला सहा बोटं होती.

करंगळीच्या बाहेरच्या अंगाला, करंगळीला टेकून उभं असलेलं एक बोट. लहान, पण सगळं यथासांग: पेर, नख, नखावरचा अर्धचंद्रसुद्धा. शाळेत तिला ‘अकरा’ म्हणायचे. हजेरी संपली की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, “बाई, अकरा राहिली!” तिची आई मात्र त्या बोटाला ‘धाकटी’ म्हणायची. करंगळीची धाकटी बहीण. नखं कापतानाही आधी धाकटीचं, कारण धाकट्यांना थांबायचा धीर नसतो.

पहिल्या इस्त्रीच्या पुस्तिकेच्या वेळी साहेब नुसते खाकरले होते. “ते एक बोट तेवढं... म्हणजे गिऱ्हाइकाचं लक्ष इस्त्रीवर राहायला हवं ना.” तिला पटलं होतं. खोडरबर घेतलं, दोन वेळा फिरवलं, धाकटी गेली. पण फोटोतलं बोट पुसणं दिसतं तितकं सोपं नसतं. बोट गेलं की तिथे भोक पडतं. बोटाने जे झाकलेलं असतं ते फोटोत नसतंच मुळी. मग मागची कड, मागची शिवण, मागची सावली आपल्या मनाने काढून ते भोक बुजवावं लागतं. ती ते इतकं बेमालूम बुजवायची, की कुणी भिंग लावून बसलं असतं तरी तिथे काही होतं असं म्हणालं नसतं. पुढे साहेबांना खाकरावंही लागेना. हात आला की धाकटी पुसायची, मागचं भरायचं, पुढच्या पानावर जायचं. श्वास घ्यावा तसं ते होऊन जायचं.

मग गुंडी झाली.

नाव कागदोपत्री वेगळं आणि चांगलं लांबलचक होतं, पण पोरगी गोल, टणक आणि कुठेही निसटून घरंगळणारी, म्हणून बापाने गुंडी म्हटलं आणि तेच चिकटलं. तिच्याही डाव्या हाताला धाकटी होती. बाळंतपणाच्या खोलीत सगळ्यांत आधी ती सासूबाईंना दिसली. त्यांचा चेहरा उतरला, तो आठवडाभर चढला नाही. “पोरीची जात,” एवढंच म्हणायच्या आणि पुढचं गिळायच्या. डॉक्टरांनी बोट हलवून, दाबून, फोटो काढून पाहिलं. हाड नीट आहे, सांधा नीट आहे, दुखत नाही, खुपत नाही. घाई कसली? मोठी होऊ दे, मग तिचं ती सांगेल, ठेवायचं की नाही. हे ऐकून नवरा म्हणाला, “चला, पोरीच्या आयुष्यातला एक निर्णय तरी आपल्याला घ्यायचा नाही.” वायरमनचं काम करणारा माणूस, जिथे वायर तोडायची गरज नाही तिथे पक्कड लावायची नाही, हा त्याचा धर्म.

सासूबाईंचं पुढे काय झालं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. सून कामावर परत जाऊ लागली आणि दिवसभर गुंडी त्यांच्या मांडीवर आली. मग हळूहळू एक खेळ सुरू झाला. गुंडीचं एकेक बोट धरायचं आणि म्हणायचं, “हा बाबा, ही आई, ही आजी, हा दूधवाला, ही भांडकुदळ शेजारीण, आणि ही आमची धाकटी!” धाकटीपाशी आल्या की त्या इतक्या जोरात ओरडत, की गुंडी आधीपासूनच खिदळायला लागे. शेजारीण एकदा दारातून म्हणाली, “मी काय भांडले हो तुमच्याशी?” तर सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही नाही हो, पलीकडच्या.” पलीकडच्या घरात कुणी राहतच नव्हतं.

ऑफिसात एका नव्या कंपनीचं काम आलं. बाळाला छातीशी बांधून फिरायचा पट्टा. क्लिपा, दोऱ्या, खांद्यावरचे बंद, कमरेचा रुंद पट्टा, आणि हे सगळं चुकलं तर बाळ खाली, म्हणून एकेक पायरीचं चित्र. साहेब भलते खुशीत होते. अशी कंपनी एकदा लागली की वर्षानुवर्षं सोडत नाही.

“आता बाळ कुठून आणायचं?” फ्लॅशने विचारलं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “माझ्याकडे आहे एक. पण मजुरी घेईल. बिस्किटांत.”

एक दिवस गुंडी ऑफिसात आली. फ्लॅशने दिवे लावले. तिने पट्टा बांधला, गुंडीला आत बसवलं, क्लिप दाबली. गुंडीने पट्ट्याची कड डाव्या मुठीत गच्च धरली आणि दिव्याकडे टकमका पाहत राहिली. फ्लॅश म्हणाला, “ताई, ही तर जन्मजात मॉडेल आहे. तुझ्यासारखी नाही, तू दर वेळी डोळे मिटतेस.”

“माझे कुठे डोळे घेतोस तू? हातच तर घेतोस.”

चित्रं झाली. साहेबांनी पाहिली, मान डोलावली, “वा” म्हणाले, आणि साहेबांचं “वा” म्हणजे दुर्मीळ गोष्ट. कच्ची छपाई निघाली, तिची एक प्रत ती घरी घेऊन आली. पोरीचं पहिलं छापील चित्र. दाखवायला नको?

सासूबाई गुंडीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, पुस्तिका लांब धरली, जवळ धरली. “अगदी हुबेहूब गं. हा बघ, कपाळावरचा भोवरा पण काढलाय. आणि ही मूठ, काय बाई जोर!” मग गुंडीला पुढ्यात धरून त्यांनी चित्रातल्या मुठीवर बोट ठेवलं आणि खेळ सुरू केला. “हा बाबा, ही आई, ही आजी, हा दूधवाला, ही भांडकुदळ शेजारीण...”

आणि थांबल्या.

गुंडी खिदळायला तोंड उघडून बसली होती. ओरडा आलाच नाही. ती आजीच्या तोंडाकडे पाहू लागली.

“अगं,” सासूबाई म्हणाल्या, “धाकटी कुठे गेली?”

तिने वाकून पाहिलं. पाच बोटं. पट्ट्याच्या कडेला पाच गोल, गुबगुबीत बोटं, आणि जिथे सहावं हवं तिथे शिलाईचे टाके. एकसारखे, नेटके, तिच्या हातचे. फोटोत ते टाके दिसतच नव्हते. ते तिने मनाने काढले होते.

तिने पान उलटलं. पुढच्यातही पाच. त्याच्या पुढच्यातही. तिने आठवायचा प्रयत्न केला. स्वतःची धाकटी पुसल्याचंही धड आठवत नव्हतं, तर पोरीची पुसल्याचं कुठून आठवणार? कधी पुसली? चहाच्या आधी की नंतर? खाली मशीन चालू होतं का? काहीच नाही. हाताने आपलं आपण करून टाकलं होतं, जसं रस्त्याने जाताना पायाला घर सापडतं.

नवरा हात पुसत स्वयंपाकघरातून आला. पाहिलं. “सवयीने गेलं असेल,” तो म्हणाला. त्याला बोचवायचं नव्हतं. पण बोचलं ते बोचलंच.

“सवयीने?” ती म्हणाली. “माझ्या पोटची पोर आहे ती. सवयीने?”

सासूबाईंनी चष्मा काढला. त्या काही बोलतील, चिडतील असं तिला वाटलं. त्यांनी गुंडीची खरी मूठ उघडली, सहावं बोट चिमटीत धरलं आणि मोठ्याने, जवळजवळ रागाने म्हणाल्या, “आणि ही आमची धाकटी!” गुंडी हसली. पण सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने फाइल उघडली. सुदैवाने मूळ फोटोचा थर खाली तसाच होता. तिने टाके पुसले. स्वतः रचलेली ती नेटकी शिवण पुसताना तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. मग धाकटी पुन्हा काढली. बाहेरची रेघ जाड, नखाची बारीक, पेरावरची घडी अगदी केसासारखी. गुंडीच्या सगळ्या धाकट्या झाल्यावर ती आपल्या हाताकडे वळली. तिथे तिचं पेन क्षणभर अडलं. स्वतःची धाकटी कशी काढायची हे तिला माहीतच नव्हतं. इतकी चित्रं काढली, ही एक कधी काढली नव्हती. तिने डावा हात टेबलावर ठेवला, पाहिलं आणि पाहून काढली.

साहेब मागे येऊन उभे राहिले. खाकरले.

“हे परत का आलं?”

“पुसलं होतं ते चुकून पुसलं होतं, साहेब.”

“चुकून कसलं, तेच बरोबर होतं. मी पास केलं होतं ना?”

“तुम्ही केलं होतं. मी नाही.”

फ्लॅशने कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

साहेबांनी खुर्ची ओढली. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवायचा नाही, ही त्यांची रीत होती. त्यांना वाटे की हळू बोललं की माणसाला पटतं. “हे बघ, मला काही वाटत नाही. देवाशपथ नाही वाटत. पण हल्ली दिवस कसे आहेत तुला माहीत आहे. यंत्राला सांगितलं की यंत्र चित्र काढून देतं, आणि यंत्र बोटांत हमखास चुकतं. शेंबड्या पोरालाही माहीत झालंय. सहा बोटं दिसली की लोक म्हणणार, फसवलं, यंत्राकडून काढून घेतलं. खालच्या पाटीवर काय लिहिलंय मी? ‘सर्व चित्रे माणसाच्या हातची.’ तीच तर आपली शेवटची पत आहे.”

“मग हा कुणाचा हात आहे?” तिने हात वर केला. “माणसाचाच ना?”

फ्लॅश फिसकन हसला आणि खोकल्यात लपवलं.

“तुला कळतंय मी काय म्हणतोय.”

“कळतंय. खरा हात खोटा वाटू नये म्हणून खोटा हात काढायचा, असंच ना?”

 मग साहेबांनी एकेक तोड काढायला सुरुवात केली. मुठीपाशी चित्र कापू. नाही, तिथेच तर क्लिप आहे. बाळाला मोजे घालू हातात. गुंडीने पाचव्या मिनिटाला काढून चघळले असते, आणि चघळलेला मोजा कुठल्या पायरीत दाखवणार? मग फ्लॅशच बोलून गेला, बिचाऱ्याने मदत म्हणून सांगितलं, “उजवा हात पाचाचा आहे ना? तो घ्यायचा आणि आरशासारखा उलटवायचा. झाला डावा. दोन क्लिकचं काम.”

“शाब्बास,” साहेब म्हणाले.

तिने मान फिरवून फ्लॅशकडे असं पाहिलं, की त्याने काच पुन्हा पुसायला घेतली.

“सुचलं नव्हतं मला?” ती म्हणाली. “दोन क्लिकांचं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी नाही करणार.”

“अगं, कागदावरचं आहे! खऱ्या बोटाला कोण हात लावतंय?”

“मीही तेच म्हणायचे. कागदावरचंच तर आहे. आणि परवा माझ्या हाताने पोरीचं पुसलं आणि मला पत्तासुद्धा लागला नाही, साहेब. ते बोट तिचं आहे. डॉक्टरांनीसुद्धा हात लावला नाही, म्हणाले ती मोठी होऊन सांगेल. तिने सांगेपर्यंत कुणी पुसायचं नाही. खऱ्यातही नाही आणि कागदावरही नाही.”

“आणि मी दुसऱ्या कुणाकडून पुसून घेतलं तर?”

आता खाली मशीन सुरू झालं. चहात तरंग उठले. तिने कपाकडे पाहिलं.  बाळंतपणाच्या रजेनंतर तिची जागा तिची राहिली होती, ती याच माणसामुळे. हे तिला ठाऊक होतं आणि ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, हेही ठाऊक होतं.

“तर फोटो माझ्या पोरीचे आहेत,” ती म्हणाली. “मी दिले, मी परत घेते. दुसरं बाळ आणा, दुसरे हात आणा, सगळं पहिल्यापासून काढा.”

“कंपनीच्या बाई उद्या सकाळी येताहेत बघायला!”

“म्हणूनच आज सांगतेय.”

“ही अडवणूक झाली.”

“झाली,” ती म्हणाली.

साहेब उठले, तिच्या मॉनिटरसमोर वाकले आणि त्यांनी स्वतः माउस हातात घेतला.  त्यांनी खोडरबर शोधलं, सापडलं, फिरवलं. धाकटी गेली, आणि तिच्याबरोबर पट्ट्याची कडही गेली. गुंडीच्या मुठीशेजारी एक पांढरं भोक आ वासून बसलं. त्यांनी ते भरायला एक रेघ काढली. ती अंगठ्यापर्यंत गेली. त्यांनी बराच वेळ त्या भोकाकडे पाहिलं. मग माउस असा हळू खाली ठेवला, जसा झोपलेल्या पोराचा हात आपण आपल्या गळ्यातून सोडवून खाली ठेवतो, आणि आपल्या खोलीत निघून गेले. दार आपटलं नाही. ते आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

“परत आणू ना पुसलेलं?” फ्लॅशने हळूच विचारलं.

“मी आणते,” ती म्हणाली. आणलं.

कंपनीच्या बाई उंच, झटपट बोलणाऱ्या, आणि घड्याळाकडे न पाहताही घड्याळ पाहिल्यासारख्या वाटणाऱ्या. साहेबांनी त्यांच्यापुढे पुस्तिका ठेवली. सहा बोटांची. रात्रीतून त्यांनी काय ठरवलं होतं कुणास ठाऊक, कदाचित काहीच नाही. बाईंनी पानं उलटली. क्लिप पाहिली, बंद पाहिले, बाण पाहिले. “छान. स्वच्छ आहे.” मग मुठीच्या पानावर थबकल्या. ओठ हलले, मोजत होत्या.

“हे काय? तुम्ही तर म्हणाला होता, यंत्र वापरत नाही म्हणून.”

साहेबांनी तोंड उघडलं. त्याआधी तिने आपला डावा हात पुस्तिकेशेजारी टेबलावर ठेवला. चित्रातला हात ज्या बेताने होता, त्याच बेताने. अंगठा असा, तर्जनी अशी, आणि कडेला धाकटी.

बाईंनी हाताकडे पाहिलं. चित्राकडे पाहिलं. पुन्हा हाताकडे.

“अरे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या गालांवर थोडा रंग चढला. “आणि बाळ?”

“माझं.”

“बरं.” त्यांनी पेन उघडलं, मिटलं. “हे बघा, मला वैयक्तिक काहीच... पण आमच्या दुकानदारांचे फोन येतील. लोक चित्राची खिल्ली उडवतील. आम्ही नवे आहोत बाजारात. तुम्ही एक पाच बोटांचं...”

“नाही होणार,” ती म्हणाली.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीतून बाहेर पाहत होते. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती.

“साहेब?”

साहेब वळले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “हात त्यांचे आहेत, बाई. मी काल स्वतः पुसायचा प्रयत्न केला. मला काही जमलं नाही.”

तिने मान खाली घातली, कारण चेहऱ्यावर काय होतं ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं.

बाई हुशार होत्या. त्यांनी लगेच मधला मार्ग काढला. “मग असं करू. खाली बारीक अक्षरात एक ओळ टाकू. ‘चित्रातील हात खऱ्या व्यक्तींचे आहेत.’ म्हणजे शंकाच नको.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. फ्लॅशचाही पडला, त्याने मान डोलावलीही. एकच ओळ. किती साधं. तिलाही क्षणभर वाटलं, पुरे आता, पोरगी पुस्तिकेत आहे, बोट पुस्तिकेत आहे, आणखी काय हवं?

मग तिच्या डोळ्यांपुढे ती ओळ आली. मोठी झालेली गुंडी ती ओळ वाचते आहे, असं आलं.

“पाच बोटांच्या हाताखाली तुम्ही कधी लिहिता का असं?” तिने विचारलं. “हा हात खरा आहे म्हणून?”

बाईंनी पुन्हा पुस्तिकेकडे पाहिलं. 

“नाही ना लिहीत? मग इथेही नाही. हात आहे. क्लिप दाबतोय. एवढंच त्याचं काम.”

 साहेब तिच्याकडे असे पाहत होते, की आता हातातोंडाशी आलेलं घालवतेस की काय पोरी. ती घालवायलाही तयार होती. ते तिच्या लक्षात आलं आणि तिलाच नवल वाटलं.  टेबलावरचा हात तिने तिथेच ठेवला.

बाईंनी पेन पुन्हा उघडलं. “तक्रारीचे फोन मी घेणार नाही,” त्या म्हणाल्या. “पुस्तिकेच्या मागे तुमच्या ऑफिसचा नंबर टाका. चित्राबद्दल कुणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं. ह्या बाईंनी.”

“देईन,” ती म्हणाली.

बाईंनी सही केली, आणि जाता जाता दारात थांबून कोरड्या आवाजात म्हणाल्या, “बाळाचा तो भोवरा मात्र गोड आला आहे.”

छपाई झाली त्या संध्याकाळी पुस्तिका घरी आली. सासूबाईंनी चष्मा लावायच्या आधीच मोजायला घेतलं, बोटाने चाचपत, एकेक नातलग. धाकटीपाशी आल्या आणि असा आवाज काढला, की नवऱ्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला. मग त्यांनी पान मागे घेतलं आणि चित्रातल्या मोठ्या हाताशी थांबल्या. सुनेच्या. तोही मोजला. मग सुनेचा खरा हात ओढून मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

पट्टे दुकानांत गेले. फोन यायला लागले. फार नाही, पण आले. कुणी खो खो हसून ठेवून द्यायचं. कुणी विचारायचं, हे कुठल्या यंत्राने काढलं, आम्हालाही हवंय. एका बाईने तिला रीतसर फैलावर घेतलं, की लहान मुलांच्या वस्तूंत असली घाणेरडी चूक करता, लाज नाही वाटत? तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नाही वाटत. तुम्हाला वाटायला हवी, पण ते तुमचं तुम्ही बघा.” साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. आतून खाकरल्याचा आवाज आला नाही.

मग एका दुपारी एका बाप्याचा फोन. चिडलेला, घामेजलेला आवाज. पलीकडे एक पोर टिपेला रडत होतं.

“तुमचं चित्र चुकलंय,” तो म्हणाला.

“कुठलं चित्र?”

“चौथं. त्यात हाताला सहा बोटं आहेत.”

“हो. सहाच आहेत. तुमचा पट्टा बांधून झाला का?”

“हो, म्हणजे... बांधतोय. एक मिनिट.” धडपडीचे आवाज. पोराचा सूर आणखी चढला. “कमरेचा बसला. आता बाळ आत... हां. आता तो वरचा बंद.”

“चौथ्याच चित्रात बघा. बाण आहे. बाळाच्या मुठीच्या खालून घ्या, वरून नाही.”

“खालून... खालून घेतला.”

“आता क्लिप. टक् वाजेपर्यंत दाबा.”

टक्. फोनमधूनही ऐकू आलं. रडण्याचा सूर एक पायरी उतरला, मग आणखी एक, मग नुसते हुंदके राहिले, आणि मग तेही नाही.

“बसलं,” तो माणूस म्हणाला. त्याच्या आवाजातलाही ताण उतरला होता. “बसलं हो. गप्प झालं.” मग, आपण फोन कशाला केला होता ते आठवून, “पण बाई, ती सहा बोटं...”

“मोजत काय बसलात,” ती म्हणाली. “जा, बाळाला फिरवून आणा.”